वाचकांचे प्रश्न : ‘बार्शी तिथं सरशी’, मग परंड्यात का नाही?

प्रश्न : बाई, मी मूळची कळंबची. सध्या पुण्यात अर्थशास्त्रात एम.ए. करते. वर्गात प्रादेशिक असमतोलाचा विषय निघाला, तेव्हा एक मुलगा म्हणाला, “तुमच्याकडच्या माणसांत धमकच नाही, नाहीतर शेजारचं सोलापूर पुढं जातं आणि धाराशिव मागं राहतं, असं झालंच नसतं.” सरांनीही त्याला अडवलं नाही. मला काही बोलता आलं नाही. खोलीवर येऊन रडू आलं. खरंच आमच्यात काही कमी आहे का?
— विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : बाळ, तुमच्यात काहीही कमी नाही. आधी हे सांगते, मग कारणांकडे येते. हे वाक्य मीही ऐकलंय. माझं माहेर परंडा तालुक्यात, बार्शीपासून सहा-सात कोसांवर. आजोळ बार्शी तालुक्यातलं. शिकायला बार्शीला आले तेव्हा शेजारच्या बाकावरच्या मुली म्हणायच्या, “ही मोगलाईतली.” निजामाचं राज्य जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, तरी आम्ही मोगलाईतलेच होतो. पुढं त्याच बार्शीत मी तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं आणि त्या शब्दाचा अर्थ शोधत राहिले.

नकाशा काढून बघ. बार्शी तालुका सोलापूर जिल्ह्यातून धाराशिव जिल्ह्यात पाचर ठोकल्यासारखा घुसलाय. तीन बाजूंना परंडा, भूम, कळंब, धाराशिव, तुळजापूर. दोन्हीकडची जमीन काळी, दोन्हीकडं ज्वारी आणि तूर, पाऊस सारखाच बेभरवशाचा. भाषा एक, जत्रा त्याच, येडेश्वरीला जाणारी माणसं तीच. सोयरीक तर इतकी मिसळलेली की आमच्या घरातल्या निम्म्या सुना ‘इंग्रजी हद्दीतल्या’. माणसाच्या स्वभावामुळं फरक पडत असेल, तर एकाच आजीची दोन नातवंडं, एक बार्शीत वाढलेलं आणि एक परंड्यात, दोन वेगळ्या स्वभावांची निपजली म्हणायची का?

वेगळं होतं ते राज्य. बार्शी मुंबई इलाख्यात, आणि आम्ही १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात. माझे आजोबा तुरीची गाडी भरून बार्शीच्या बाजाराला निघत. वाटेत करोडगिरीचा नाका. तिथं जकात द्यायची, नाकेदाराचा हात ओला करायचा, तेव्हा कुठं बैल पुढं सरकायचे. बार्शीत मालाचे पैसे मिळायचे कलदार, म्हणजे इंग्रजी रुपयांत. घरी चालायचा हाली सिक्का, निजामाचा. सहा कलदारला साधारण सात हाली असा भाव, पण बदलून देणारा सराफ आपला बट्टा कापून घेणारच. येताना मीठ, कापड आणलं की पुन्हा नाका. आजोबा म्हणायचे, “बैलांना सहा कोस, मला बारा.” त्यांचा बार्शीतला मेहुणा तीच तूर विकायचा, तर त्याला ना नाका, ना बट्टा. दरवर्षी दोघांच्या हातात पडणाऱ्या पैशांत थोडा फरक. त्या थोड्या फरकातून मेहुण्यानं विहीर बांधली. आजोबांची विहीर राहिली ती राहिलीच.

बार्शीला रेल्वे आली १८९७ साली. अडीच फुटी रुळांवरची ती छोटी गाडी कुर्डुवाडीला मोठ्या लाईनला जोडलेली होती. मुंबईचा बाजार त्या गाडीनं बार्शीच्या दारात आणला. अडते आले, गोदामं उठली, पुढं कापडगिरण्या निघाल्या. ‘बार्शी तिथं सरशी’ ही म्हण उगीच पडलेली नाही. हीच लाईन १९११ साली लातूरला पोचली आणि लातूरची पेठ वाढली. धाराशिव गाव मात्र तिनं बाजूला टाकलं. जवळचं स्टेशन येडशी. जिल्ह्याच्या ठिकाणी रेल्वे यायला रुंद रुळांची वाट बघावी लागली, आणि ते रूळ पडले २००७-०८ मध्ये. बार्शी आणि धाराशिव यांच्यात शंभराहून जास्त वर्षांचं अंतर, तेही एकाच गाडीच्या बाबतीत.

शाळेचं तसंच. माझे वडील चौथीपर्यंत मराठीत शिकले. पुढचं शिक्षण उर्दूत. उर्दू भाषेबद्दल माझ्या मनात काही वाकडं नाही. वडील शेवटपर्यंत उर्दू सुंदर वाचत, आणि आमच्या जमिनीचे जुने कागद तेच लावून देत. पण घरात ज्या भाषेचा एक शब्द कुणाला येत नाही, त्या भाषेत गणित आणि भूगोल शिकायचा म्हटल्यावर शेतकऱ्याचं पोर पाचवीतच गळायचं. खाजगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी हवी, आणि सभा घ्यायचीही तीच गत. इकडं पुण्यात १८८५ ला फर्ग्युसन कॉलेज उभं राहिलेलं, १९१९ साली भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढलेली. आमच्याकडं मराठवाडा विद्यापीठ आलं १९५८ साली. माझे थोरले काका शिकले, कारण त्यांना मामाकडं बार्शीला ठेवलं होतं. वडिलांना ठेवलं नाही, कारण शेतावर कुणीतरी हवं होतं. काका हेडमास्तर झाले. वडील शेतावरच राहिले. दोघांत जास्त हुशार कोण, असं कुणी विचारलं असतं तर काकांनीच वडिलांचं नाव घेतलं असतं.

आता तुला अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर हे चक्रवाढ व्याज आहे. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला, भंडारदऱ्याचं धरण १९२६ ला पुरं झालं. कालव्यावर ऊस आला. उसाच्या जोरावर १९५० च्या सुमाराला प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे आणि धनंजयराव गाडगीळ यांना शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना काढता आला. कारखान्यातून कॉलेज, दवाखाना, बँक आली. त्याच कारखान्यातून आमदार झाला, आणि पुढचा कालवा कुठून न्यायचा हे ठरवायला तोच मंत्रालयात बसला. आमच्याकडं सहकारी पतपेढ्या नव्हत्या असं नाही, पण त्यांच्यामागं पाणी नव्हतं. कोरडवाहू शेतकऱ्याची पतपेढी एका दुष्काळात बुडते. निजाम सरकारनं मोठं धरण बांधलं ते निजामसागर, तेलंगणात, १९२३ ते ३१ च्या दरम्यान. मराठवाड्याच्या वाट्याला त्या काळात असं एकही मोठं धरण आलं नाही.

तेव्हा त्या मुलाला भेटशील तेव्हा एवढंच विचार, की त्याच्या आजोबांच्या गावात पहिला कालवा कधी आला, पहिलं हायस्कूल कधी आलं. भांडू नकोस. विचार, आणि तो उत्तर शोधून आणेपर्यंत थांब.

प्रश्न : मराठवाड्यात पाऊसच कमी, मग आणखी कारणं शोधायची कशाला?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : कारण बारामतीच्या जिरायती भागात, माण-खटावात, सांगोल्यातही पाऊस कमीच आहे. पश्चिम महाराष्ट्राचा पूर्वेकडचा अर्धा भाग पर्जन्यछायेतच येतो. त्यांच्या नद्या मात्र सह्याद्रीत उगम पावतात, घाटमाथ्यावर धो धो पडलेलं पाणी धरणात अडवून शंभर मैलांवरच्या कोरड्या शिवारात नेता येतं. आमची मांजरा बालाघाटच्या डोंगरात, कोरड्यातच उगम पावते. म्हणजे कमनशीब निसर्गाचंही आहे, हे मान्य. पण भीमेवरचं उजनी धरण परंड्याहून जवळ आहे. त्यातलं पाणी आमच्याकडं आणायची कृष्णा-मराठवाडा उपसा सिंचन योजना २३.६६ टीएमसीची, म्हणजे तेवढे अब्ज घनफूट पाणी. पहिल्या टप्प्याच्या सात टीएमसीसाठीही आमची एक पिढी वाट बघत म्हातारी झाली. हा दोष पावसाचा नाही.

प्रश्न : निजाम जाऊन पंच्याहत्तर वर्षं उलटली. मराठवाड्यानं राज्याला शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख, अशोक चव्हाण असे चार मुख्यमंत्री दिले. तरी अजून निजामालाच दोष देणार का? कधीतरी आपल्या माणसांनाही विचारा.
— निवृत्त अभियंता, अकलूज

उत्तर : तुमचा प्रश्न टोचला, आणि टोचायलाच हवा होता. अर्धा मला मान्य आहे.

आधी जो मान्य नाही तो अर्धा घेते. मराठी माणसांच्या एका राज्यासाठी झालेल्या १९५३ च्या नागपूर करारात मराठवाड्याकडं आणि विदर्भाकडं विशेष लक्ष देऊ, असं लिहून दिलं होतं. घटनेच्या कलम ३७१ मध्ये त्याची तरतूद झाली. पुढं १९८३ साली सरकारनं वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. तिनं रस्ते, सिंचन, वीज, शाळा, दवाखाने अशा एकेका बाबतीत प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती खाली आहे ते मोजलं, आणि ती तूट भरून काढायला किती पैसे लागतील याचा हिशेब मांडला. ‘अनुशेष’ हा शब्द तेव्हापासून घराघरांत गेला. आकडा निघाला सुमारे ३,१८७ कोटी. दहा-बारा वर्षांनी दुसऱ्या समितीनं पुन्हा मोजला तर तो चौदा हजार कोटींच्या वर गेलेला. महागाई धरा, मोजायच्या बाबी वाढल्या तेही धरा, तरी अनुशेष फिटला असं कुणाला म्हणता येईल? १९९४ साली मागास भागांसाठी वैधानिक विकास मंडळं आली. प्रादेशिक असमतोलावर विजय केळकर समितीनं २०१३ मध्ये अहवाल दिला. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. त्या दिवशी टाळेबंदी होती, गावात चिटपाखरू नव्हतं, आणि मी घरात बसून हेच वाचत होते. फार वाईट वाटलं. मंडळांनी फार काही केलं होतं म्हणून नव्हे. आमचं गाऱ्हाणं मांडायची एक जागा, अपुरी का होईना, होती, तीही गेली म्हणून.

अनुशेषाच्या हिशेबात एक अडचण आहे, ती तुम्हा अभियंत्यांना लगेच कळेल. मागच्या जिल्ह्याला सरासरीपर्यंत आणायचं ठरवलं, तर तो तिथं पोचेपर्यंत सरासरीच पुढं गेलेली असते. सोलापूरला वैद्यकीय महाविद्यालय १९६३ साली आलं. धाराशिवला आलं २०२२ साली. मधल्या वर्षांत सोलापुरात डॉक्टरांच्या दोन पिढ्या तयार झाल्या, त्यांची रुग्णालयं उभी राहिली, आणि आमच्या भागातली अडलेली बाळंतीण रात्री-अपरात्री जीपमध्ये घालून सोलापूरला न्यायची रीतच पडली. माझी एक चुलत बहीण त्या रस्त्यावर गेली. कॉलेज आलं, फार चांगलं झालं. पण तो रस्ता मी विसरू शकत नाही.

आता जो मान्य आहे तो अर्धा. आमच्या पुढाऱ्यांनी पश्चिम महाराष्ट्राचं बघून सगळ्यात आधी काय उचललं, तर साखर कारखाना. कालवा नसताना, बोअर आठशे-हजार फूट खाली गेलेलं असताना ऊस लावला. जो ऊस नीरा-प्रवरेकाठी भांडवल तयार करत गेला, तोच मांजरेकाठी पाणी उपसत गेला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वेगाडी न्यावी लागली, पहिल्या फेरीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मी ती बार्शी स्टेशनातून जाताना पाहिली. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. माझ्या लहानपणी ज्या वाटेनं ती छोटी गाडी लातूरचा शेतमाल बाहेर नेत असे, त्याच वाटेनं लातूरला प्यायचं पाणी चाललं होतं. फलाटावर माझ्या शेजारी एक म्हातारा हात जोडून उभा होता. मला तेव्हा मिरजेच्या लोकांबद्दल कृतज्ञता वाटली आणि आमच्या नेत्यांचा राग आला, दोन्ही एकाच वेळी. तूर, सोयाबीन, करडई यांच्या प्रक्रियेचे उद्योग, शेळीपालन, दूध, यांत आमची जमीन आणि आमचा पाऊस साथ देतो. भूमच्या खव्याला, पेढ्याला लांबून गिऱ्हाईक आहे. त्या खव्यामागं कारखान्याइतकं भांडवल आणि तेवढी सरकारी हमी उभी राहिली असती तर काय झालं असतं, याचा विचार मी नेहमी करते.

आणि मुख्यमंत्र्यांचं म्हणाल, तर मुख्यमंत्री एका भागातून येतो, पण त्याचं बहुमत सगळ्या राज्यातून येतं. शंकररावांनी जायकवाडी धरलं म्हणून ते झालं, याबद्दल त्यांचे उपकारच आहेत. १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी, १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. पण जायकवाडीच्या वर नाशिक-नगरच्या बाजूला धरणं होत गेली आणि खाली पाणी सोडायला न्यायालयापर्यंत जावं लागलं. धाराशिवला तर त्या धरणाचा थेंबही पोचत नाही. मराठवाडा हाही काही सगळीकडं एकसारखा भाग नाही. संभाजीनगरला १९८० नंतर वाळूजची वसाहत वाढली, मोठे कारखाने आले, आणि परंड्याच्या पोरासाठी ते शहर पुण्याइतकंच परकं राहिलं.

प्रश्न : मी चार पिढ्या हैदराबादेत राहणारा मराठी माणूस. तेलंगणाही निजामाचाच होता. मग हैदराबाद एवढं पुढं कसं गेलं? निजामाला दोष देण्यात काही चूक होत नाही ना?
— एक वाचक, काचीगुडा, हैदराबाद

उत्तर : फार मोलाचा प्रश्न. आपण राजधानीची तुलना तालुक्याशी करतोय. निजामाच्या राज्याची सगळी कमाई ज्या शहरात ओतली गेली, ते तेलंगणाच्या वाट्याला आलं. १९१८ चं उस्मानिया विद्यापीठ, हायकोर्ट, मोठी इस्पितळं, रेल्वेचं मुख्य ठाणं, सगळं तिथं. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारनं अवजड उद्योग, औषधं, इलेक्ट्रॉनिक्स, संरक्षण संशोधन यांच्या संस्था त्याच शहरात आणल्या, कारण तिथं आधीच शिकलेली माणसं आणि मोठ्या इमारती होत्या. आदिलाबाद किंवा महबूबनगरच्या खेड्यातल्या म्हाताऱ्यांना विचाराल, तर त्यांच्या आणि आमच्या गोष्टीत फारसा फरक सापडणार नाही. त्यांच्याकडूनही लोक मजुरीसाठी परगावी जात राहिले.

१९५६ साली मराठवाडा विनाअट मुंबई राज्यात आला. मराठी माणसांच्या एका राज्यासाठी आमच्या वडीलधाऱ्यांनी हे मनापासून केलं आणि मला त्याचा अभिमान आहे. पण त्याचा एक परिणाम असा झाला, की आमची जुनी राजधानी परराज्यात गेली आणि नवी राजधानी साडेचारशे किलोमीटरवर, जिथं आमच्या ओळखीचं कुणी नव्हतं. मनमाड-सिकंदराबाद लाईन मीटरगेज, म्हणजे अरुंद रुळांची होती. मुंबईहून आलेला माल मनमाडला उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावा लागे. मराठवाड्यातले नेते गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्यांनी रुंदीकरणासाठी वर्षानुवर्षं आंदोलन केलं, तेव्हा १९९० च्या दशकात ते काम मार्गी लागलं.

निजामाबद्दल मी एक दुरुस्ती करते, कारण तुमची शंका रास्त आहे. संस्थान होतं म्हणून आम्ही मागं राहिलो, असं मी म्हणत नाही. कोल्हापूरही संस्थानच होतं. पण शाहू महाराजांनी शाहूपुरीची गुळाची पेठ वसवली, राधानगरीचं धरण हाती घेतलं, १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. राजा दोन्हीकडं होता. एकीकडं पैसा गावाकडं वळला, दुसरीकडं गावाकडून राजधानीकडं गेला. हैदराबाद संस्थानात जहागिरी, पायगा म्हणजे बड्या सरदारांच्या जमिनी, आणि निजामाची खाजगी मालमत्ता म्हणजे सर्फ-ए-खास यांत सुमारे चाळीस टक्के जमीन अडकलेली होती. तिथल्या कुळानं विहीर पाडली तरी ती आपली राहील याची त्याला खात्री नव्हती. जहागिरी १९४९ ला गेल्या, तोवर शेजारच्या हद्दीत शेतकऱ्यांच्या दोन पिढ्या आपल्या नावावरच्या जमिनीत पैसे घालून मोकळ्या झाल्या होत्या.

प्रश्न : मी भूम तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. आमचा जिल्हा २०१८ साली केंद्र सरकारच्या मागास जिल्ह्यांसाठीच्या योजनेत ‘आकांक्षित जिल्हा’ म्हणून निवडला गेला. मुलं विचारतात, “सर, म्हणजे आपण मागास का?” सातवीच्या पोरांना हे कसं समजवायचं?
— शिक्षक, भूम

उत्तर : सर, आधी तुम्हाला नमस्कार. नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि आपण, अशी त्या यादीतली राज्यातली चार नावं वाचणं मलाही जड गेलं होतं.

मुलांना व्याख्यान देऊ नका. त्यांच्या हातात वही द्या. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडं जाऊन विचारायला सांगा : गावात पहिली शाळा कोणत्या साली आली? दिवे कधी लागले? एसटी कधी सुरू झाली? डांबरी सडक, बँक, दवाखाना, पहिला पदवीधर, नोकरीला लागलेली पहिली मुलगी? साल आठवत नसेल तर ‘किल्लारीच्या भूकंपाआधी की नंतर’, ‘बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर’ असं विचारलं की म्हातारी माणसं बरोबर सांगतात. मग बार्शी तालुक्यातल्या एखाद्या गावच्या शाळेला पत्र लिहा आणि त्यांच्या मुलांनाही हेच विचारायला सांगा. शक्यतो ज्या गावाशी तुमच्या गावाची सोयरीक आहे असं गाव निवडा. दोन्ही याद्या फळ्यावर शेजारीशेजारी मांडा.

माझ्या आजोळी विहिरीवर वीज आली तेव्हा मी चौथीत होते. सुट्टी संपवून घरी आले आणि वडिलांना सांगितलं, की मामाकडं बटण दाबलं की पाणी येतं. ते मोटेवर होते. त्यांनी बैल थांबवले, माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा बैल हाकले. आमच्या विहिरीवर मोटार बसली तेव्हा मी कॉलेजात होते. ही माझ्या यादीतली एक ओळ.

मुलांच्या याद्या तयार झाल्या की मला मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. मुलांच्या अक्षरातच पाठवा, टाईप करू नका. बार्शीकडच्या शाळेचं उत्तर लवकर आलं नाही तर तेही कळवा. तिकडं शिकवणारे माझे बरेच विद्यार्थी आहेत, त्यांना मी स्वतः फोन करीन.